वाढणारीचं पान

डुक्कर इतकं लठ्ठ झालं होतं की त्याला स्वतःचं शेपूट दिसेनासं झालं, असं मोसेसे म्हणायचा. डुकराला स्वतःचं शेपूट मुळातच कधी दिसत नाही, हे त्याला सांगायच्या फंदात कुणी पडलं नाही.

*

बहीण भावाकडे काय काय मागू शकते? होडी. रताळ्यांचा वाफा. घडी न मोडलेली कोरी चटई. भावाची मुलगी, वाढवायला. भाऊ नाही म्हणू शकत नाही. भावजय तर नाहीच नाही.

*

भरतीला खडकांमधली वाट होडीला पुरते. ओहोटीला पुरत नाही. यात पाळक, राजा आणि कोळी यांच्यात भेद नाही.

*

इंजिन बंद पडलेल्या होडीतल्या माणसाला आधी राग येतो, मग तहान लागते. त्यापुढचं तो सहसा सांगत नाही.

*

दुसऱ्याची टोपली रिकामी परत पाठवू नये.

*

जुने पाळक नाताळचं प्रवचन आदामापासून सुरू करायचे. नोहाचं तारू डोंगराला टेकेपर्यंत अळकुड्या मऊ झालेल्या असत. मोशे समुद्र ओलांडेस्तोवर नीरफणस शिजे. आणि बेथलेहेमात पोचेपर्यंत डुक्कर हाडापासून सुटून येई. म्हणून त्यांना सगळे थोर वक्ते म्हणत.

*

ही सगळी सुटी दावी आता एका बाईच्या खुंट्याला बांधू.

तोआकासे तिचं नाव. उंच, भरल्या अंगाची, चालताना कमरेला गुंडाळलेली मानाची चटई जराही न हलणारी. दक्षिण समुद्रातल्या हाआपाई बेटांपैकी त्या एका बेटावर तिला सगळे आत्या म्हणत; ज्यांची ती आत्या होती तेही, आणि ज्यांची नव्हती ते तर जास्तच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एक धाकटा भाऊ होता, फिनेआसी, आणि त्याची बायको वासीती. बाकी सगळं गाव.

नाताळचं जेवण तोआकासेच्या घरी, हे गावात सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं. उपासना संपली की मंडळी देवळातून निघून थेट तिच्या अंगणात यायची. केळीच्या पानांवर लांबच्या लांब जेवण मांडलेलं असायचं, दोन्ही बाजूंनी माणसं बसायची, आणि तोआकासे उभी. ज्याच्या घरचं जेवण तो पंगतीला बसत नाही, ही रीत सगळ्यांचीच. पण बाकीचे यजमान पाहुणे गेल्यावर तरी खातात. तोआकासे नाताळच्या दिवशी खातच नसे. संध्याकाळी वासीती आपल्या घरून टोपलीत काहीबाही पाठवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपली परत यायची, आतल्या पुड्या सोडूनही न बघता जशाच्या तशा आणि वर दोन कोनफळं, एक कोंबडी, कधी चांगला वीतभर रुंदीचा विणलेला पंखा.

"मी खडा टाकते," वासीती नवऱ्याला म्हणायची, "आणि तिकडून धोंडा येतो."

"तिचं मन मोठं आहे."

"मन मोठं आहे हो. माझं अंगण लहान आहे ना."

गावाला वाटायचं, हा आत्याचा तोरा. तोरा होताच, नाही कशाला म्हणा. पण तोऱ्याखाली एक गोष्ट होती आणि ती तोआकासेने कुणाला सांगितली नव्हती. फार वर्षांपूर्वी, नाताळच्या तोंडावर, फिनेआसीची होडी बेपत्ता झाली होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, ती एकटीच देवळात बसली आणि तिने देवाशी बोलणं केलं. भावाला परत दे. दर नाताळला तुझ्या सगळ्या मंडळीला मी जेवायला घालीन आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या हातचा घास तोंडात घालणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर निरोप आला: फिनेआसी जिवंत आहे.

बोलणं पक्कं झालं. देवाने त्याची बाजू पाळली, आता आपली. दरवर्षी डुक्कर उमूत, जमिनीतल्या त्या भट्टीत, उतरताना तोआकासेच्या छातीवरचा दगडही उतरायचा. एक नाताळ जरी चुकला, तर समुद्र आपला माणूस परत मागायला येईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. म्हणून तर पक्कं.

*

नव्या पाळकांबद्दल.

पाळक इलाइसा राजधानीहून, नुकुआलोफाहून आले तेव्हा त्यांच्या पायात बूट होते. दुसऱ्या महिन्यात चपला आल्या, तिसऱ्यात त्याही गेल्या. गोल चेहरा, चष्मा, बोलता बोलता घाम. त्यांच्याकडे दोन बेटं होती. इथली सकाळची उपासना उरकून ते फिनेआसीच्या होडीने पलीकडच्या बेटावर दुपारच्या उपासनेला जात.

आल्या आल्या ते लांबलचक प्रवचनं करू लागले. नुकतेच शिकून आले होते, शिकलेलं अजून संपलं नव्हतं. तोआकासेने त्यांना रविवारमागून रविवार जोखलं. पहिल्या रविवारी त्यांच्या प्रवचनात कोंबडी शिजली. पुढच्या महिन्यात डुकराचं पिल्लू शिजलं. पावसाळी हवेच्या एका रविवारी तर मासे करपले. तोआकासे मान हलवून मोसेसेला म्हणाली, "माणूस चांगला आहे. नाताळला थोरलं डुक्कर सहज शिजवील."

मोसेसे देवळातला नगारा वाजवायचा आणि प्रवचनभर झोपायचा. तो म्हणाला, "आत्या, मला तर ते पहिल्या वाक्यापासून शिजवतात."

*

त्या वर्षी नाताळ रविवारी आला.

रविवारी आमच्या बेटावर कुऱ्हाड उचलत नाहीत, जाळं टाकत नाहीत, कुणी पोहत नाही. पहाटे उमू पेटवायची तेवढी मुभा, कारण देवाने माणसाला पोट दिलंय हे देवालाही माहीत आहे. पण एकदाच. दुसऱ्यांदा विस्तव करायचा तर लाकडं फोडावी लागतात, आणि मग गावभर जीभ हलते.

तोआकासे अंधारात उठली. खड्ड्यात लाकडं पेटवली, वर काळे दगड रचले. दगड लाल होऊन परत पांढुरके पडले तेव्हा मोठ्या चिमट्याने काही डुकराच्या पोटात भरले, बाकीच्यांवर डुक्कर उताणं निजवलं. भोवती कोनफळं, अळूच्या पानांत नारळाच्या रसासकट बांधलेल्या मांसाच्या पुड्या. वर केळीची पानं, त्यावर ओली पोती, त्यावर माती. माती लोटायला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. वाफेची एक बारीक रेघही बाहेर दिसेनाशी झाली, तेव्हा तिने हात धुतले, काळं नेसली, नवी चटई कमरेला बांधली आणि देवळात पुढच्या बाकावर जाऊन बसली.

गाणी झाली. लूकच्या शुभवर्तमानातला उतारा झाला. पाळक इलाइसा उठले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर समुद्र होता, दुसरं काय असणार. पण ते जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मग चष्मा काढला.

"गेले चार रविवार मी तुम्हाला सांगतोय, तयारी करा," ते म्हणाले. "झाली तयारी? वासावरून झालीय असं वाटतं. बरं. आता खरी गोष्ट सांगतो. तो आला तेव्हा कुणाचीच तयारी झाली नव्हती. कुणी बोलावलं नव्हतं. कुणी चूल पेटवली नव्हती. जागा नव्हती, सुईण नव्हती, होती ती जनावरं. देवाला आपल्याला काहीतरी द्यायचं होतं, आणि त्याने दिलं काय, तर बाळ. आता बाळाची परतफेड कशी करणार? तुमच्या घरात मूल जन्मलं तेव्हा तुम्ही त्याला काय दिलंत? काही नाही. हात पुढे केलेत आणि उचलून घेतलंत. एवढंच करायचं आहे. आमेन."

आणि ते खाली बसले.

बाहेर एक नारळ पडला, तो सगळ्या देवळाला ऐकू आला. गायकांना कळेना, उभं राहायचं की हे नुसतं दम घेणं आहे. कुणीतरी मोसेसेला कोपरानं ढोसलं. "झालं?" तो दचकून म्हणाला. "अजून मी नीट झोपलोही नाही!"

प्रवचनाचा अर्थ त्या क्षणी एकाही डोक्यात शिरला नाही. लांबी मात्र एका डोक्यात बरोबर शिरली. तोआकासेचा चेहरा दगडासारखा झाला होता. हे प्रवचन नव्हतं. यात अंडंसुद्धा उकडलं नसतं.

*

देवळाच्या पायरीवरचं बोलणं, ऐकू आलं तसं:

"पाळकसाहेब, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम."

"नाही, म्हणजे... देव अचानक आठवेनासा झाला का?"

"भरती आज लवकर आहे हो. पलीकडची मंडळीही नाताळ धरून बसलीय. चार घास खातो आणि निघतो. फिनेआसी, होडी?"

"तयार आहे."

"आणि आत्यांचं डुक्कर?"

"ते तर केव्हाचंच तयार असेल!"

*

उमू एकदा उघडली की उघडली. वाफ गेली, ऊब गेली. ती काही पेटी नव्हे, पुन्हा झाकण लावायला. आणि पाळकांना घाई असताना, चटयांवर मंडळी बसलेली असताना, जरा थांबा म्हणणारी बाई तोआकासे नव्हती. तिने माती ओढली. पोती काढली. पानं काढली.

डुक्कर गुलाबी होतं. नुसतं गरम झालं होतं, सकाळच्या उन्हात पडून उठल्यासारखं. मांडीत सुरी घातली तर लाल पाणी आलं. कोनफळं दगडासारखी. पुड्यांमधलं मांस कोमट.

नाताळला आपापली उमू पेटवायची सवय गावाची केव्हाच मोडली होती. घरोघरी त्या दिवशी थंड राख. सगळं गाव उपाशी पोटी, चांगल्या कपड्यांत, एका कच्च्या डुकराकडे बघत उभं होतं.

तोआकासेने आधी भावाकडे पाहिलं. मग समुद्राकडे. मग पुन्हा भावाकडे.

"फिनेआसी आज होडी काढणार नाही," ती म्हणाली.

"अहो आत्या, पण पलीकडची मंडळी—" पाळक म्हणाले.

"नाही काढणार."

फिनेआसी मान खाली घालून उभा राहिला. बहिणीपुढे भाऊ तोंड वर करत नाही. पण होडी नाही तर उपासना नाही, आणि नाताळला उपासना नाही म्हणजे पलीकडे पाळकांचं नाव वर्षभर तोंडी लावायला घेतलं गेलं असतं.

तेवढ्यात वारा फिरला आणि वास आला. शिजलेल्या अळूचा आणि नारळाच्या रसाचा, गोडसर धुरकट. सगळी डोकी एकदम वळली, वाऱ्यावरच्या गवतासारखी. वास वासीतीच्या घराकडून येत होता.

वासीती मागच्या मागे सरकली, पण उशीर झाला होता.

"वासीती," तोआकासे म्हणाली. "तू उमू पेटवलीस?"

"लहानशी, वन्सं."

"नाताळला? माझ्या पंगतीच्या दिवशी?"

"दरवर्षी पेटवते, वन्सं."

"कशाला?"

वासीतीने एकवार सगळ्यांकडे पाहिलं. एरवी ती बोलली नसती. पण एरवी डुक्करही कच्चं नसे. "तुमची पंगत उठल्यावर आम्हा वाढणाऱ्यांना काय उरतं वन्सं? डुकराचे कान. तेही थंड. पोरं रडतात. म्हणून पहाटेच लावते आणि देवळात निघायच्या आधी उघडून झाकून ठेवते. आमच्या घरी प्रवचनावर काही शिजत नाही."

मोसेसे फिसकन हसला आणि खोकल्याचं सोंग आणलं.

"आणि ते पुरेल?" पाळकांनी विचारलं. त्यांचा आवाज आशेने बारीक झाला होता.

"आमच्यापुरतं आहे, पाळकसाहेब."

"पुरेल मग," पाळक म्हणाले. "याबाबतीत आमच्याकडे जुना दाखला आहे. पाच भाकरी, दोन मासे, पाच हजार माणसं."

*

वासीतीचं घर एका खोलीचं. मंडळी आत मावली नाही. निम्मी नीरफणसाच्या सावलीत बसली. फिनेआसी बाहेर पायरीवर, कारण बहीण आत असताना भाऊ आत बसत नाही. केळीची पानं मांडली गेली. एका पानावर एक पुडी, ती चौघांत. एक मासा, त्याच्याभोवती सहा जण आणि सहांचे विनोद.

तोआकासे दारातच पंखा हातात घेऊन उभी राहिली, माश्या वारायला.

"वन्सं, बसा."

"मी वाढते."

"माझं घर आहे वन्सं. इथे उभी मी राहणार."

रीत तोआकासेनेच गावाला इतकी वर्षं घोटून शिकवली होती: घरची उभी, बाकीचे बसलेले. खोलीच्या मधोमध, पाळकांच्या शेजारी, एका पानापुढची जागा रिकामी होती. त्यावर एक पुडी होती, अख्खी, एकटीची.

"बसा ना आत्या," पाळक म्हणाले. "पाहुणे उभे असताना मला प्रार्थना करता येत नाही, आणि प्रार्थनेशिवाय मोसेसेला खाता येत नाही. त्याने मासा धरून ठेवलाय बघा."

"धरला नाही, जपतोय," मोसेसे म्हणाला.

"मला बसता येत नाही."

"गुडघा?"

"नाही."

"मग राग? माझ्यावर? रास्त आहे. पुढच्या रविवारी आदामापासून सुरू करतो."

"नवस आहे," तोआकासे म्हणाली.

आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिने सगळं सांगितलं. हातातला पंखा तसाच उलटसुलट करत, कुणाकडेही न बघता. होडी, रिकामं देऊळ, देवाशी केलेलं बोलणं. "जेवण घातलं म्हणून तो आहे," ती शेवटी म्हणाली. "आज डुक्कर कच्चं राहिलं. वरून मी दुसऱ्याच्या पानावर बसू? आणि तो आजच समुद्रावर जाणार? तुम्ही प्रवचन केलंत पाळकसाहेब, किंमत मी देऊ?"

मोसेसेने मासा खाली ठेवला.

बाहेर पायरीवर फिनेआसी खाकरला. तो बहिणीशी असल्या गोष्टी थेट बोलू शकत नव्हता. आवाज चढवून बायकोशी बोलू शकत होता.

"वासीती! अक्काला विचार, हा नवस कधीचा म्हणाली?"

वासीती वळली. "वन्सं, ते विचारतात—"

"ऐकलं मी. नाताळच्या आदल्या संध्याकाळचा."

"वासीती! अक्काला सांग..." तो पुन्हा खाकरला. "अक्काला सांग, त्या संध्याकाळी आम्ही खेकडे खात होतो."

"काय?"

"खेकडे. भाजून. होडी नाताळच्या काही दिवस आधीच लागली होती एका लांबच्या बेटाला. तिथला रेडिओ बिघडलेला होता, म्हणून निरोप उशिरा निघाला. त्या संध्याकाळी नारळाच्या झाडाखाली बसून आम्ही इतके खेकडे खाल्ले की मला पोटात दुखलं. तिला सांग, ती देवळात बसली होती तेव्हा मी सुखरूप होतो. पोट सोडून."

खोलीत सगळ्यांना हसू येत होतं आणि कुणालाच हसायचं नव्हतं.

"आणि हे मला कधी सांगितलं नाही?" तोआकासेने विचारलं. तीही आता वासीतीकडे बघूनच बोलत होती.

"तिला सांग, तिने विचारलंच नाही! मी आलो, ती रडली, तिने वाढलं. मग दरवर्षी वाढलं. तोंडात घास असताना कोण बोलणार? आणि डुक्कर चांगलं असायचं!"

तोआकासेने पंख्याची एक काडी उपटली. मग दुसरी. तिच्या डोक्यात एकामागून एक डुकरं चालली होती, काळी, ठिपक्यांची, तपकिरी. सगळी तिच्याकडे वळून बघत होती.

"म्हणजे माझं बोलणं होण्याआधीच," ती सावकाश म्हणाली, "देवाने त्याला किनाऱ्याला लावलं होतं."

"तसं दिसतंय," पाळक म्हणाले.

"मग मी इतकी वर्षं फेडत काय होते?"

"ते मला सांगता येणार नाही. आम्ही जेवत होतो."

"थट्टा करताय?"

"थोडी."

"नाताळच्या दिवशी?"

"सुरुवात त्यानेच केली, आत्या. राजा येणार म्हणून सगळे पुढच्या दाराशी उभे, आणि हा मागे गोठ्यात. कुणी मागायच्या आधी येऊन बसलेला. आपण अजून काय देऊ, कसं फेडू म्हणून धावतोय. आणि तो तिथे पडून हात हलवतोय, की मला घ्या." पाळकांनी खिडकीतून पाण्याकडे नजर टाकली. "हे सकाळीच सांगणार होतो. पण भरती."

तोआकासे हलली नाही. खरं सांगायचं तर तिला राग आला होता. देवाचा. ज्याचं काही देणं लागत नाही अशा देवाशी वागायचं कसं? आत्या म्हणून हक्काने घेणं तिला येत होतं. यजमान म्हणून हाताने देणं तर तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. हक्क नसताना आणि परत काही न देता नुसतं घ्यायचं, हे तिला शिकवलंच नव्हतं कुणी. दारापासून पानापर्यंतची वाट तिला ओहोटीतल्या खडकांमधल्या वाटेसारखी अरुंद वाटली.

तेव्हा वासीती बोलली. हातात नीरफणसाचं पातेलं होतं.

"वन्सं, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागते. माझी टोपली एकदा रिकामी परत पाठवा."

असं कुणी कुणाला त्या बेटावर आजवर म्हटलं नसेल. बाहेर झाडाखालची मंडळीसुद्धा चपापली.

"रिकामी?"

"रिकामी. आतलं खाऊन. धुऊ नका सुद्धा."

तोआकासेने पंखा मोसेसेच्या मांडीवर टाकला. चटई सावरली. आणि खाली बसली. एका बाजूने कलंडत, जमिनीवर हात टेकत, कारण पंगतीत बसायची सवय मोडली की शरीरही विसरतं.

पाळकांनी इतक्या वेगाने प्रार्थना केली की देवालाही पळत यावं लागलं असेल.

*

ती जेवली. पुडी सोडली, पानं उलगडली, बोटं रसात बुडाली. पहिला घास गिळताना तिने डोळे मिटले होते. काय होईल अशी तिला भीती होती, आणि काहीच झालं नाही. अळू घशाला किंचित खाजलं, एवढंच.

जेवणात पाहुण्यांनी उठून यजमानांचे आभार मानायचे असतात. मोसेसेने मानले, मासा लहान असल्याचा उल्लेख टाळून. आणखी एका म्हाताऱ्याने मानले. मग सगळे तोआकासेकडे बघू लागले. तिने आभारांची शेकडो भाषणं ऐकली होती. केलं एकही नव्हतं.

"वासीती," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "उद्या सकाळी माझ्या मळ्यातली कोनफळं—"

पाळक खोकले.

"बरं, कोनफळं नाहीत. ते डुक्कर उद्या पुरतं भाजून—"

"वन्सं."

"ते गावात वाटायचंच आहे, मी तुला देत नाहीये!" तोआकासे उसळून म्हणाली. हात मांडीवर उताणे पडले होते, नारळाच्या रसाने चकचकीत, रिकामे. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "नारळाचा रस जरा पातळ झालाय."

"हो वन्सं."

"मीठही कमी आहे."

"हो वन्सं."

"अजून एक वाढ."

हसण्याचा जो लोट उठला त्यात बाहेरचे आधी की आतले आधी, सांगता येणार नाही. वासीती हसत होती आणि नाक पुसत होती. पुडी उरली नव्हती. तिने पातेल्यातला नीरफणस वाढला, आणि तोआकासेने पुरे म्हणून पानावर हात आडवा धरला नाही.

पाळक उठले. बायबल काखेत मारून पायरीवर आले. फिनेआसी उभा राहिला, पण हलला नाही. तो दाराकडे बघत नव्हता. दारातून येणाऱ्या आवाजाची वाट बघत होता.

"वासीती," आतून तोआकासे तोंडात घास असतानाच म्हणाली, "त्याला सांग, जा. भरती थांबायची नाही."

इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. आवाज खडकांपर्यंत गेला, वाटेतून पार झाला, बारीक झाला. तोआकासेने एकदा समुद्राकडे पाहिलं, नाही असं नाही. पण पान सोडून उठली नाही.

*

होडी हरवली त्याच्या आदल्या वर्षी नाताळची पंगत देवळाच्या अंगणात झाली होती. तिथे तोआकासे बायकांच्या ओळीत बसली होती आणि तिने रताळी तीनदा मागून घेतली होती.